स्त्रातिसच्या टपावरचं ऊन

स्त्रातिस जन्मभर ऑलिव्हच्या घाण्यावर मिस्त्री होता, आणि जन्मभर काळजीच करत आला. बायकोची, मेरोपीची, मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्याने एक जुनी विजेवरची व्हॅन घेतली आणि टपावर स्वतःच्या हाताने सोलर पॅनल बसवले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शहर बेचाळीस किलोमीटर, मध्ये घाट. थकलेली बॅटरी पस्तीस किलोमीटरपर्यंत ओढायची, पुढचं सगळं उन्हाच्या भरवशावर. म्हणून भर ऑगस्टमध्ये तो गाडी चर्चपुढच्या उघड्या चौकात लावायचा.

"काय रे, भाजून खाणार का गाडी?" कॉफीच्या दुकानातून लोक ओरडायचे.

मी त्याची शेजारीण, एवांथिया. आमच्या बेटावर उन्हात कुणाचं काही दिसलं की विचारत बसत नाहीत, झाकून टाकतात. गाढव असो नाहीतर गाडी. त्या सकाळी बागेत जाताना मी त्या टपावर बोरूच्या दोन चटया टाकल्या, वर दगड ठेवले. पुण्य केल्यासारखं वाटलं मला, मूर्ख बाईला!

दुपारी परतले तर स्त्रातिस चटया ओढून काढत होता, चेहरा पांढराफटक.

"मीच टाकल्या रे," मी म्हणाले. "तापत होती म्हणून..."

त्याने शेवटची चटई खाली टाकली आणि घराकडे धावला. गावातल्या बाकी गाड्या मरियमच्या सणाला मठाकडे गेलेल्या. त्याने मेरोपीला उचलून बसवलं. मीही मागे चढले, घरात बसवेना.

त्याने पंखा बंद केला. मेरोपीचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, श्वास लागत होता. घाटात बॅटरीचा आकडा सहावर आला, मग चारावर. शेवटच्या चढावर दोन.

"एवांथिया, उतर," तो म्हणाला. "तुझं वजन जड होतंय."

मी उतरले. गाडी गोगलगायीसारखी चढली आणि वळणाआड गेली. पलीकडे उतार होता, पण वरपर्यंत पोचली की नाही ते मला दिसेना. फोन हातात घट्ट धरून मी रस्त्याच्या कडेला बसले, स्वतःला शिव्या घालत.

तासाभराने मेरोपीचा फोन आला.

"सुई लागली गं, डायलिसिस सुरू झालं. पण हा बाहेर पायरीवर बसून ढसाढसा रडतोय. मला गाडीत बसवायच्या आधी तुला काही लागट बोलला का?"

"नाही गं," मी म्हणाले. "एक शब्दसुद्धा नाही."