झुलाल नानाचं नऊशे ग्रॅम

धुळ्याच्या देवपुरात झुलाल नानाला सगळे ओळखतात, पण नाना पोटासाठी नेमकं काय करतो हे ठाऊक असणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पावणेसातला हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, सातची जळगाव एसटी, संध्याकाळी तोच डबा घेऊन परत. अंगात फिकट शर्ट, खिशाला पेन, पायात चपला. बघणाऱ्याला वाटावं, जळगावला कुठल्या तरी कचेरीत आवक-जावक बघत असेल बिचारा.

डब्याच्या वरच्या कप्प्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. मधल्यात भाजी. खालच्यात, मऊ कापडात गुंडाळलेले, धुळ्याच्या तीन सराफांचे नवे दागिने. जळगावला त्यांच्यावर शुद्धतेचा शिक्का मारून घ्यायचा आणि परत आणून ज्याचे त्याला द्यायचे. पंधरा वर्षं हेच. आणि पंधरा वर्षं नानाची एकच युक्ती: पारोळा आलं की वरचा कप्पा उघडायचा आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्यापुढे भाकरी धरायची. "ल्या भाऊ, एक घास ल्या." भाकरी पुढे करणाऱ्या माणसाच्या डब्यात कोणी डोकावत नाही. उलट लोक संकोचून खिडकीबाहेर बघतात.

मग गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याच जिल्ह्यात अशाच एका माणसाची पिशवी भर रस्त्यात हिसकावली गेली, आणि तिन्ही सराफांची झोप उडाली. त्यांच्यातले मोठे प्रेमराज शेठ. शेठ साधं पाणी मागतात तेही सभेत ठराव मांडल्यासारखं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं ना तुम्हाला?" लावतात.

"झुलाल नाना, तुम्ही घरचे आहात, समजलं ना तुम्हाला? पण येत्या आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तापासून, माल जाईल तर हत्यारासोबत जाईल. नाहीतर एजन्सीची गाडी लावू. बंदूकवाला, जाळीवाली. समजलं ना तुम्हाला?"

नानाला समजलं. जाळीवाली गाडी आली म्हणजे नाना घरी.

तेव्हापासून अर्ज, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, कलेक्टर कचेरीचे हेलपाटे, एसटीतून नेण्याच्या परवानगीचा वेगळा कागद, असं करत करत परवाना एकदाचा हातात आला. आखाजी राहिली बारा दिवसांवर. आता फक्त हत्यार घ्यायचं होतं. आणि इथेच गाडी अडली, कारण जळगावच्या बंदुकांच्या दुकानात मालक कौतिक आबांनी नानासमोर दोन रिव्हॉल्वर ठेवली होती. एक नवं कोरं, कारखान्यातून आलेलं, सातशे ग्रॅम. दुसरं जुनं, इंग्लंडचं, कुण्या डॉक्टरांनी वयोमानाने विकायला ठेवलेलं, नऊशे ग्रॅम.

"सांगतो उद्यापरवा," नाना म्हणाला आणि घरी आला. ती चूक झाली. कारण घरी आल्यावर सल्ले सुरू झाले.

बायको प्रमिलाबाई घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवते. तिने साखर तोलता तोलता निकाल दिला. "नवं लेवा. सेकंडहँड फटफटी लीधी व्हती ती याद शे ना? डावीकडे वळनी तवयच हॉर्न वाजे तिना."

"अवं, पण हाई फटफटी नही."

"मंग तर आखो नवं लेवा. फटफटी नही वाजनी तर माणूस ओरडस. हाई नही वाजनं तर?"

नाना साखरेची पुडी बांधायला लागला.

एसटीत रोजचा सोबती अभिमन. जळगावला बँकेत शिपाई आहे, पण बोलतो मॅनेजर असल्यासारखा. त्याचं मत अगदी उलटं. "नाना, जुनं इंग्लिश ते इंग्लिश! आता तसं लोखंडच होत नाही. माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांकडे होतं एक."

"मग? चांगलं चालायचं?"

"कधी चालवलंच नाही ना! दर निवडणुकीला ठाण्यात जमा. ते म्हातारे म्हणायचे, माझ्या कमरेपेक्षा पोलिसांच्या कपाटातच जास्त राहिलंय."

प्रेमराज शेठांनीही आपला ठराव मांडला. नवं घ्या, कागद कोरा, गॅरंटी कोरी, आखाजीला आपल्या दुकानात पूजा करू, समजलं ना तुम्हाला?

नाना मुळात हिशोबी माणूस. त्याने ठरवलं, जी वस्तू रोज कमरेला बाळगायची तिचा निर्णय कमरेनेच घ्यावा. रात्री प्रमिलाबाई आत गेल्यावर त्याने तिच्या तराजूशेजारची लोखंडी वजनं उचलली. एक अर्ध्या किलोचं, एक दोनशेचं. दोन्ही पायमोज्यात घातली, मोज्याला गाठ मारली आणि सकाळी शर्टाखाली, पँटच्या पट्ट्यात खोचली. झालं नवं रिव्हॉल्वर. तीन दिवस हे, मग आणखी एक दोनशेचं घालून तीन दिवस जुनं. ज्याचा त्रास कमी ते घ्यायचं. इतकी साधी परीक्षा.

पहिल्या दिवशी एरंडोलच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी उडाली, मोजा सरकला आणि अर्धा किलो थेट मांडीच्या दिशेने निघाला. नानाने तो पोटापाशीच धरला आणि जळगावपर्यंत तसाच बसला. अभिमन म्हणाला, "पोट दुखतंय का? ओवा खा."

दुसऱ्या दिवशी अभिमनने ओवा आणला.

तिसऱ्या दिवशी गाडीत वळल्यावर मोजा सीटच्या दांडीवर आपटला आणि असा टण्ण आवाज झाला की पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी मागे वळून विचारलं, "काय शे रे भाऊ, घंटी लीसन चालना का देवले?"

चौथ्या दिवसापासून नऊशे ग्रॅम. त्या सकाळी देवपुरात प्रमिलाबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला. "मनं आखो एक माप कोठे गयं? आते मी साखर काय दगडघाई मोजू?" नाना मुकाट्याने डबा घेऊन सटकला. चालताना मापं एकमेकांवर घासत होती, खर्र, खर्र, जणू कमरेत कोणी सुपारी कातरतंय.

सहाव्या दिवशी त्याला गाठलं रूपाने.

रूपा या गाडीची कंडक्टर, संध्याकाळच्या परतीच्या गाडीचीही. एरंडोलची. आवाज असा की मागच्या काचेपाशी झोपलेला माणूस तिकीट काढूनच जागा होतो. पारोळा सुटल्यावर ती नानाच्या बाकाच्या दांडीला टेकून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली.

"नाना, एक विचारू? कमरेला काय आहे?"

"कुठे काय?"

"मी आज मोजलं. धुळ्यापासून अकरा गतिरोधक आले. अकराही वेळा तुमचा हात शर्टाखाली गेला. आणि चार दिवस झाले, तुम्ही कोणाला भाकरी विचारली नाही."

नानाने शर्ट खाली ओढला.

"मला काय करायचंय म्हणा. पण मला दिसतंय म्हणजे सगळ्यांना दिसतंय. परवा एक पोरगा विचारत होता मला, त्या काकांच्या कमरेला पैशाचा पट्टा आहे का म्हणून. मी म्हटलं, गळू झालंय त्यांना. म्हटलं, पिकलंय."

पंधरा वर्षं या गाडीत तो असून नसल्यासारखा बसला होता. कोणी त्याचं तोंड लक्षात ठेवलं नव्हतं, हीच तर त्याची राखण. सहा दिवसांत तीन मापांनी ती घालवली. सातशेने हात गेला, नऊशेनेही गेला. नव्या-जुन्याचा प्रश्न राहिला बाजूला, हत्यार घेतलं तर हात कमरेवर, नाही घेतलं तर जाळीवाली गाडी.

त्या दिवशी शिक्क्याचं काम लवकर आटोपलं. चारच्या सुमाराला दागिने खालच्या कप्प्यात घालून नाना डब्यासकट कौतिक आबांच्या दुकानात शिरला. मोजा काढून काउंटरवर ठेवला आणि सगळी कहाणी सांगितली.

कौतिक आबा सत्तरीचे. पन्नास वर्षं बंदुका दुरुस्त करत आलेत. बोलण्याआधी एकदा नाक ओढतात, मग थांबतात, मग बोलतात. घाईचं गिऱ्हाईक तेवढ्या वेळात दोनदा मत बदलतं.

"सूंऽऽ..." थांबले. "मापांना मूठ असते का हो, नाना? मापांना म्यान असतं का?"

"नही."

"मग मोज्यात मापं घालून फिरल्यावर हात जाईल नाहीतर काय. थांबा."

त्यांनी दोन्ही रिव्हॉल्वर काढली. चक्र बाहेर पाडून सहाही घरं रिकामी आहेत ते स्वतः बघितलं, नानाला बोट घालून बघायला लावलं. मग नव्याचा खटका ओढून दाखवला. कट्टक. नानाचं बोट दुखलं. "नवं आहे, कडक आहे. सैलावेल हळूहळू. पण बिघडलं तर कारखाना बसलाय दुरुस्तीला." मग जुन्याच्या नळीच्या टोकाशी पांढरा कागद धरून आतून उजेड दाखवला, नळी आरशासारखी. चक्र बोटाने हलवून पाहिलं, डुगडुगत नव्हतं. खटका ओढला. टिक. घड्याळाच्या काट्यासारखा. "डॉक्टरांनी दर दिवाळीला तेलपाणी केलंय. पण याचा एखादा भाग मोडला तर मीच घासून करणार, आणि मी किती दिवस पुरणार ते तुम्ही बघताच आहात."

"मंग काय लेवा, आबा?"

"सूंऽऽ... ते कमरेलाच विचारू की. तुमचंच म्हणणं होतं ना?"

नवं त्यांनी त्याच्याबरोबर आलेल्या म्यानात घालून नानाच्या पट्ट्याला लावलं आणि नानाला स्टुलावर बसवलं. मग एकदम म्हणाले, "आखाजीला लेक येतेय का?"

"येस ना. नातू पन येस. दीड वर्षाना शे, आंबा बिगर कोयीना खास नही, कोय चोखस." बोलता बोलता नानाचा हात कमरेवर गेला. नवं म्यान कोरं, टणक. बरगडीत टोचत होतं. आखाजीला लेकीसाठी टांगायच्या झोक्याची जागा सांगत असतानाही हात गेला. आबांनी नुसतंच नाक ओढलं.

मग जुनं. डॉक्टरांचं म्यान काळं पडलेलं, मऊ, कमरेच्या वळणाला वळून गेलेलं. आबांनी ते पट्ट्यात ओवलं, शर्ट सोडला आणि विचारलं, "बरं, नातवाचं नाव काय ठेवलं?"

त्यावर नाना जो सुटला तो सुटला. नाव ठेवण्यावरून व्याह्यांशी झालेली बोलाचाली, पाळण्याच्या वेळी प्रमिलाबाई आणि विहीणबाई दोघी एकदमच नाव सांगून मोकळ्या झाल्या ते, पोराला आता दोन्ही नावांनी हाक मारली तरच वळून बघायची सवय लागलीय ते. नाना विहीणबाईचा नाकातला आवाजही काढून दाखवत होता. आबा हसता हसता डोळे पुसत होते. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला आणि आबा उठून गेले.

नानाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाचला सहा मिनिटं! पाचची धुळे गाडी!

"आबा, येस मी! सकाळ सांगस!" त्याने एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात मापांचा मोजा, आणि धूम ठोकली.

गाडी सुटता सुटता मिळाली. बसायला जागाही मिळाली. कमरेचं ओझं हातात आलेलं, पोरगं दोन नावांचं, नानाला कसं हलकं हलकं वाटत होतं. मोजा त्याने पायाशी टाकला. शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता, गुटगुटीत, घामाघूम. नानाला एवढ्यातच भूक लागली. पारोळ्याची वाट न बघता त्याने वरचा कप्पा उघडला. सकाळची भाकरी अर्धी उरली होती.

"ल्या भाऊ, एक घास ल्या."

तो माणूस संकोचून खिडकीबाहेर बघायला लागला. सगळं जागच्या जागी आलं.

रूपा तिकीट फाडत आली. गाडी स्टँडच्या फाटकातल्या गतिरोधकावरून धाडकन उडाली. तिने नानाकडे बघितलं. एका हातात भाकरी, एका हातात ठेचा.

"अरे वा नाना! आज काढून ठेवलं वाटतं कमरेचं?"

"हो ना बाई, ते बघ, खाली पायाशी..." म्हणत नानाने मोज्याकडे बोट दाखवलं. आणि भाकरी तोंडाशी गेली ती तिथेच राहिली.

मोजा पायाशी. मग पट्ट्याला काय?

"गाडी थांबाव," नाना पुटपुटला.

"काय?"

"रूपाबाई, गाडी थांबाव! मी... मना गळू फुटना!"

एवढं ऐकल्यावर शेजारचा माणूस अर्धा उठला. रूपाने दोरी ओढली. गाडी फाटकातच उभी राहिली, मागच्या तीन रिक्षांनी हॉर्न धरला. आणि त्या हॉर्नच्या वरताण आवाज आला. कौतिक आबा. सत्तरीचा माणूस, एका पायात चप्पल, खिशात बिलाचं पुस्तक, धापा टाकत दारापाशी.

"नाना! सूंऽऽ..." धापेत नाकही ओढवेना. "अहो, परवाना तुमचा... पण कागद... कागद अजून माझ्याकडेच ना! उतरा खाली!"

"आबा, माफ करा, मले ध्यानच नही राह्यनं! देवशपथ, मले वाटनं कमरेले काहीच नही!"

आबा दांडीला धरून उभे राहिले. हळूहळू श्वास बसला. मग एकदा व्यवस्थित नाक ओढलं. थांबले.

"मग विचारताय काय, कोणतं घ्यायचं?"

रूपा दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण तिने शेजारच्या माणसाकडे वळून आपल्या नेहमीच्या, मागच्या काचेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितलं, "काही नाही हो! डॉक्टर आलेत, गळू बघायला!"

नाना डबा आणि मोजा घेऊन उतरला. कागद झाले, सहीशिक्का झाला. आखाजीच्या दोन दिवस आधी धुळ्याच्या कचेरीत जुन्या इंग्लिश रिव्हॉल्वरची नोंद नानाच्या परवान्यावर पडली. प्रेमराज शेठांनी नाक मुरडलं, पण माल नानाच्याच डब्यात घातला. प्रमिलाबाईला तिची तिन्ही मापं परत मिळाली, फक्त अर्ध्या किलोच्याला आता पायमोज्याचा वास येतो म्हणून ती साखर सोडून त्याने कांदे तोलते.

आणि सातच्या गाडीत पारोळा आलं की झुलाल नाना वरचा कप्पा उघडतो.