खर्डीवालीची मान

आमची खर्डीवाली कुणाला शिवी देत नसे. ती मान उडवायची. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, ओठ दुमडायचे आणि हनुवटी खांद्याकडे अशी फेकायची की बोलणारा अर्ध्या वाक्यात गप्प. सरपंच गप्प झालेला मी पाहिला आहे. माझे भाऊ गप्प झाले. मी तर लग्न झाल्यापासून गप्पच. माहेर खर्डीचं, म्हणून माझ्या आईने तिला खर्डीवाली म्हटलं आणि तेच नाव राहिलं. तिच्याबद्दल गोड गोड लिहिलं तर ते तिलाच चाललं नसतं.

काही बिघडलं की दोष नेहमी दुसऱ्याचा. तिची तांदळाची भाकरी कागदासारखी पातळ व्हायची. मग एका वर्षी कडा फाटायला लागल्या. "गिरणीवाल्यानं जाडं दळलंन," म्हणाली. पेला हातातून पडला, तर पेला गुळगुळीत. पोलक्याचे हूक लागेनात, तर शिंपी आंधळा. एक दिवस मला हाक मारून पाठ केली आणि म्हणाली, "लावा. बघत काय ऱ्हायलाव?" तेव्हा मला कळलं की हात गेले.

शहापूरच्या डॉक्टरने फोटो काढायला लावला. मानेतली गादी घसरून आतल्या नसेला दाबते आहे, म्हणाला. हिने त्याच्यासमोरही मान उडवली. "जन्मभर डोक्यावर भारे वायले, हंडे वायले. घसरंल नाय तर काय फुलंल?"

मग घरात माणसांची रांग लागली. ज्याला स्वतःच्या ढोराचा पाय धड बांधता येत नाही, तोही मणक्यावर बोलायला लागला. एकाच्या मामाला प्लेट बसवली, तो आता नांगर धरतो. एकाची मेहुणी मुरबाडला, ती कायमची आडवी. आणि सगळे चहा पिऊन जायचे. पुतण्या म्हणाला, "काकी, आपरेशन नको, तेल लावून मान चोळून देतो." ती म्हणाली, "तुझ्या म्हशीची चोळ. दूध तरी दील."

कल्याणचा डॉक्टर म्हणाला, गळ्याच्या पुढून चीर घेऊन खराब गादी काढायची, तिथे तुकडा बसवायचा, वर धातूची पट्टी आणि स्क्रू. दोन मणके जुळून एक होतात. ठाण्याला दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, कृत्रिम गादीही बसवतात, ती हलते, पण हाड चांगलं पाहिजे. पोरगा कल्याणला कामाला, मोबाइलवर सगळं पाहून आलेला. "आये, नवीनवाली घे. मान वळंल." जसा काही फोनच घ्यायचा होता. ती म्हणाली, "एक मान बांधतो म्हनतो, दुसरा मोकली ठेवतो म्हनतो. मी काय गाय हाय रे?"

ठाण्याच्या डॉक्टरने टेबलावरचा हाडांचा सांगाडा हातात घेऊन आम्हाला खूप वेळ समजावलं. पट्टी लावली की तो सांधा बंद, मग वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण येतो, पुढे तेही झिजू शकतात. कृत्रिम गादीने तो ताण कमी पडेल अशी आशा असते, पण ती सगळ्यांना चालत नाही. पोरगा मान डोलवत होता. मला निम्मं कळलं. खर्डीवालीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दाक्तर, भाकरी थापता येल का?"

डॉक्टरने सांगाडा खाली ठेवला. "हात किती सुधारेल, आज सांगता येत नाही. आणखी बिघडू नये म्हणून लवकर करायचं."

"आनि कुठल्यानं जास्ती सुधरंल?"

"नसेवरचा दाब दोन्हीत निघतो. हाताच्या दृष्टीने फारसा फरक नाही."

"मंग येवढा वेळ काय सांगत व्हताव?"

आणि मान उडवली. त्या माणसाची एक गोष्ट चांगली, तो हसला. हिची हाडं ठिसूळ निघाली, त्यामुळे कृत्रिम गादीचा विषय तिथेच संपला. बाहेर आल्यावर पोरगा हळहळला, तर ही म्हणते, "हालून हालूनच घसरली ना? ऱ्हाऊ दे एका जागी."

पट्टी बसली. गळ्याला बाहेरून पट्टा दिला. तो घालून ही बाई घरी आल्यावर थोड्याच दिवसांत हंडा डोक्यावर घेऊन अंगणात! मी ओरडलो तर मलाच सुनावलं. "पट्टा भार घ्यायलाच दिलाय ना? शोभंला दिलाय काय?" हंडा मी उतरवला. हात निम्मे परत आले. हूक स्वतः लावायची, स्वतःच्या हाताने जेवायची. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. "भाकरी बरी झाली," मी म्हणालो, तर ती म्हणाली, "खोटं बोलू नका. गपचूप गिला." मान उडवणंही चालूच राहिलं. डॉक्टरने एकच सांधा बंद केला होता, तिचा तिरस्कार बाकीच्यांतून यायचा.

पुढे ती छातीच्या दुखण्याने गेली. मानेने नाही. मुद्दाम सांगतो, कारण ऑपरेशनने मेली म्हणणारे शहाणे गावात आहेत. चहा प्यायलेले तेच.

राख सावडायला गेलो तेव्हा हाडांत ती पट्टी सापडली. काळी पडलेली, स्क्रू तसेच. माझा थोरला भाऊ काटकीने ती बाजूला सारायला लागला. "हे काय तिचं हाड हाय? लोखंड मडक्यात नको. इटाल हाय, मडकं बाटंल."

मी म्हणालो, "दादा, ह्यानं तिची मान धरली, तवा ती सोताच्या हातानं जेवली. तू काय धरलंस?"

त्याने काटकी खाली टाकली. मी पट्टी उचलली. हाताला वजनच लागेना. बोटाने राख पुसली आणि मडक्यात हाडांबरोबर ठेवली. भाऊबंद कुजबुजत नदीपर्यंत मागून आले, पण पाण्यात कुणी उतरलं नाही. मी गुडघाभर आत गेलो आणि मडकं उपडं केलं. राख लांबपर्यंत वाहत गेली.

"जा गो," म्हणालो.