चिंचेनं घासलेलं तांबं
तांब्याची भांडी चिंचेनं घासताना जो आंबट वास येतो, तो आला की मला बेलापूरच्या आमच्या घराची मोरी आठवते. नव्वदच्या दशकात मी एका प्रयोगशाळेत, अणूहून लहान कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी, तांब्याचे पोकळ भाग बनवायला शिकत होतो. त्यांत फार ताकदीच्या सूक्ष्मलहरी सोडतात. माझा पहिलाच भाग चाचणीत ठिणगी पडून काळा झाला, कारण आत बोटाचा ठसा राहिला होता. हे काम आपलं नव्हे, असं ठरवून तो टाकाऊ तुकडा पिशवीत घालून मी घरी आलो. आईनं सगळं ऐकून घेतलं. "आरं, येवढंच व्हय? तांबं काळं पडायचंच. घासायचं न् पुन्हा कामाला लागायचं," म्हणत ती चिंच-मीठ घेऊन बसली. तुकडा लखलखला. शेजारच्या काकूंनी कौतुकानं हात पुढे केला, तशी आई ओरडली, "हात नको लावू बया, बोटं उमटत्यात! लई नाजूक काम हाय माझ्या पोराचं." मग पदरात धरून तिनं तो फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी परतीची एसटी धरली. आजही प्रयोगशाळेत एखादा नवा मुलगा हातमोजे न घालता तांब्याकडे वळला, की माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघतं, "हात नको लावू बाबा, बोटं उमटत्यात."