शेपटीची लाल फीत

कल्पना करा, तुमच्यासमोर संगमरवरी ओटा आहे आणि त्यावर कढईतून नुकताच काढलेला बदामाचा गोळा. बदाम सोलून, वाळवून, दळून पाकात घोटलेले. गोळ्यातून वाफा निघताहेत आणि तुम्हाला त्यात दोन्ही हात घालायचे आहेत. घालाल? आमच्या इटलीतल्या लेच्चे गावात कुणीही शहाणी बाई गोळा गार होईपर्यंत थांबते. कोसिमीना थांबली नाही.

नाताळच्या जेवणानंतर आमच्याकडे बदामाचा मासा कापतात. साच्याला आतून बदामाचा थर द्यायचा, पोटात नासपतीचा मुरांबा आणि अंड्याच्या बलकाची दाट साय भरायची, वरून पुन्हा बदामाने बंद करून उलटा करायचा. डोळ्याच्या जागी कॉफीची बी. घरोघरी साचा वेगळा, आणि साचा असतो मासा करणारीचा. कोसिमीनाच्या घरात तो तिच्या सासूचा, नुंत्सियाबाईंचा होता. त्यांच्या माशाच्या शेपटीला दरवर्षी लाल रेशमी फीत बांधलेली असायची. तशी फीत गल्लीत दुसऱ्या कुणाच्या माशाला नसे.

कोसिमीना कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. उकळत्या भांड्याचं झाकण ती फडक्याशिवाय उचलते. लग्न होऊन आली त्या पहिल्या नाताळात नुंत्सियाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि चटकन सोडला.

"अगं बाई, हात आहेत की निखारे? बदामाला शिवायचं नाही हं. तेल सुटेल."

झालं. बदाम सोलायचे कोसिमीनाने, कढई घासायची कोसिमीनाने, मळायचं मात्र सासूबाईंनी. तिची मुलं मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली, तरी हा नियम बदलला नाही.

यंदा डिसेंबरात नुंत्सियाबाई चर्चच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी घरचे सगळे स्वयंपाकघरात जमले.

"नन्सच्या मठातून विकत आणू या," नणंद इम्मा म्हणाली. "किती सुंदर करतात तिथे."

"विकतचा मासा? माझ्या टेबलावर?" नुंत्सियाबाई कडाडल्या. "त्यापेक्षा मला कबरस्तानात पोहोचवून या."

"मी मळू का, आई?" कोसिमीनाचा नवरा ओरोन्त्सो बाह्या सरसावत म्हणाला.

"तू? तुला उकडलेलं अंडं सोलता येत नाही. बस खाली."

कोसिमीना सोललेल्या बदामांचं ताट घेऊन उभी होती. "आई, मी करते."

सासूबाईंनी प्लॅस्टरचा हात साच्यावर ठेवला. "कर. पण फसलं, तर विकतचा मासा येईल आणि पुढच्या वर्षीपासून हा साचा इम्माच्या घरी जाईल. कबूल?"

"कबूल."

पहिला गोळा तिने सासूबाईंच्या पद्धतीने केला. पाक, घोटणं, ओट्यावर काढणं, गार होऊ देणं. गार गोळा दगडासारखा घट्ट झाला. तो मऊ व्हावा म्हणून ती मळत राहिली, मळत राहिली, आणि तिच्या बोटांमधून तेल चमकू लागलं. थोड्याच वेळात गोळा भिजलेल्या साबणासारखा दिसायला लागला.

"बघ!" नुंत्सियाबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्या आवाजात थोडा आनंदही होता. "मी काय सांगत आले?"

इम्माने मठाकडे जायला कोट चढवला. ओरोन्त्सोने फसलेल्या गोळ्याचा तुकडा तोंडात टाकला. "चव चांगली आहे हं," तो म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

कोसिमीना कढई घासायला वळली. सवयच ती. काठाला थोडा बदाम चिकटून राहिला होता आणि खालच्या मंद आचेवर अजून गरम होता. तिने तो बोटांनी खरवडला आणि सहज दाबला. तो लोण्यासारखा वळला. तिने त्याची बोटभर शेपटी केली, वाकवली. चीर नाही. तेल नाही.

ती कढईकडे बघत राहिली. गार गोळा घट्ट, म्हणून फार मळावा लागतो. फार मळला की गरम हातात तेल सुटतं. पण गोळा गरमच असेल, तर मळायचंय किती? चार वळसे. त्या चार वळशांसाठी चटका सोसणारे हात हवेत, एवढंच.

"इम्मा, कोट काढ," ती म्हणाली. "बदाम अजून एका घाण्यापुरते आहेत."

"अगं, भाजशील!"

"लॉन्ड्रीत काय बर्फ विकते मी?"

दुसरा गोळा ओट्यावर पडला तेव्हा वाफेने खिडकीची काच धुरकट झाली. कोसिमीनाने हात घातले. ओरोन्त्सोनेच "आई गं!" केलं, जणू हात त्याचे होते. एक वळसा, दुसरा, तिसरा, चौथा. लगेच साच्यात थर, मुरांबा, साय, वरचा थर. मग तिने साचा उलटा केला आणि अलगद उचलला.

मासा अख्खा बाहेर आला. खवला न् खवला उठलेला. शेपटी, जी अंगाला सगळ्यात बारीक जागी जोडलेली असते, ती टोकापर्यंत गुळगुळीत. इम्माने टाळ्या पिटल्या आणि धावत जाऊन खणातून लाल फीत आणली.

"घे, बांध."

"कशाला?" कोसिमीना म्हणाली. "झाकायला काय आहे?"

ती सहज बोलून गेली होती. पण नुंत्सियाबाईंचा चेहरा पडला, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना एकदमच उमगलं की ती फीत इतकी वर्षं शोभेसाठी नव्हती. शेपटी दरवर्षी तिथेच तडकत होती.

दुसऱ्या दिवशी मासा फितीशिवाय टेबलावर आला. शेजारपाजारचे डोकावून गेले. "यंदा कुणाचा हात?" सगळ्यांचा एकच प्रश्न. ओरोन्त्सो दरवेळी खुर्चीवरून अर्धा उठून बायकोकडे बोट दाखवत होता. नुंत्सियाबाईंनी डाव्या हाताने शेपटीचा तुकडा मागून घेतला, सावकाश खाल्ला आणि साचा कोसिमीनाच्या दिशेने सरकवला.

"धुऊन ठेव. तुझाच आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ईस्टरला बदामाचं कोकरू करतो ना, त्याचे कान याहून अवघड असतात. गरम असतानाच ओढ."

कोसिमीनाने साचा धुतला, पुसला, आपल्या कपाटात ठेवला. कोकराचे कान जमतीलच, तिला त्याची काळजी नाही. तिला सासूबाईंना एकच विचारायचंय आणि अजून योग्य वेळ मिळालेली नाही: आई, दरवर्षी ती फीत बांधताना, एकदा तरी वाटलं होतं का हो, की हिच्या हातांना बोलवून पाहावं?