भविष्यवाणीत बसलेली मावशी

समोरच्या खोलीतली मावशी ज्यू होती, आम्ही कॅथलिक, आणि अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्यांच्या मते आम्ही एकच होतो: 'ते पाववाले'. आईला याचा राग यायचा, मावशीला हसू. "आपल्यात नेमका फरक काय, ते तुला तरी सांगता येईल का गं?" असं ती आईला विचारायची, आणि आई जपमाळ बाजूला ठेवून खरोखरच विचार करत बसायची.

फरक पहिल्यांदा माझ्या मोठ्या भावाला कळला. दादा दुसरीत असताना रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंनी सांगितलं की येशूला ज्यूंनी मारलं. हा पठ्ठ्या तिथून थेट मावशीच्या दारात. "मावशी, तुम्ही येशूला का मारलं?" मावशी तांदूळ निवडत होती. "मी तेव्हा माहेरी, रेवदंड्याला होते रे," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला. दादाचं समाधान झालं. आईने त्याला घरात आणून धपाटा घातला. बाईंना जाब विचारायची हिंमत मात्र तिला झाली नाही. फादर काय म्हणतील, याच्यापुढे आमच्याकडे देवाची भीतीही फिकी होती.

मावशीचं आणि आमचं बायबल एकाच पुठ्ठ्यातलं होतं, हे अक्षरशः खरं आहे. हिब्रू प्रार्थना तिला तोंडपाठ होत्या, पण अर्थ मराठीतूनच लागायचा. आणि मराठीत तिला मिळालं ते ख्रिस्ती लोकांनी छापलेलं, जुना आणि नवा करार एकत्र शिवलेलं. तिने ते स्टेशनजवळच्या बाइंडरकडून मधोमध कापून घेतलं. जुना करार स्वतःला ठेवला, येशूचा नवा आईला आणून दिला. "तुमचा देव आहे बाई, रद्दीत कसा घालू?" आईने तो मारियामातेच्या मूर्तीशेजारी ठेवला. वाचला कधीच नाही. वाचायचं काम फादरचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागला आणि शिफ्टमधल्या एका मित्राच्या नादाने उल्हासनगरच्या एका प्रार्थना मंडळीत जायला लागला. कापडाच्या दुकानावरचा हॉल, गिटार, मोठा स्पीकर आणि सिंधी पास्टर. बघता बघता त्याचा नवा जन्म झाला. हे त्याचेच शब्द. "पहिल्या जन्माच्या कळा मी सोसल्या, दुसऱ्याच्याही मीच सोसतेय," आई म्हणाली.

पहिला वार मारियामातेवर झाला. मूर्तिपूजा, म्हणे. मूर्तीभोवतीच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळेचा त्याला विशेष राग, खरं तर ती त्यानेच लावलेली होती. मग बाबांचं इंग्रजी बायबल निघालं. त्यात म्हणे काही पुस्तकं जास्तीची, रोमच्या चर्चने घुसडलेली. आणि शेवटी त्याच्या हाती लागला तो मावशीचा कापलेला नवा करार.

तो तसाच समोर गेला. पाठोपाठ आई, आणि मजा बघायला मी.

"मावशी, देवाचं वचन कापलं तुम्ही? यातलं कुणी काही काढून टाकलं, तर देव त्याचा वाटा काढून घेईल, असं स्पष्ट लिहिलंय!"

"कुठे लिहिलंय?"

"शेवटच्या पानावर!"

"मग मला कसं कळणार? ते पान तर तुमच्या घरी."

आई इतकी हसली की दादा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. आईने फादरना विचारलं, तर ते म्हणाले, दोघांसाठी प्रार्थना करा. कसली, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग एके दिवशी दादा हॉलमधून आला तो मावशीच्या पाया पडायच्या बेतात. पास्टरनी शिकवलं होतं की ज्यू ही देवाची निवडलेली प्रजा, ती सगळी इस्राएलात परतली की येशू पुन्हा येणार. "काल नरकात होती, आज एकदम प्रमोशन?" आई म्हणाली. मावशीचा मुलगा तिकडेच होता. आमच्या फोनवर त्याचे फोन यायचे, "आई, ये आता." मावशीला जायचं नव्हतं. पण गावातली ज्यू घरं एकेक करून निघून जात होती, आणि सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे झाले होते. ती रोज 'बघू' म्हणायची, आणि आई रोज त्या 'बघू'वर जगायची.

दादाने पास्टरना तिच्याकडे आणलं. तिने चहा केला. पास्टर हात जोडून म्हणाले, "माताजी, आप अपने देश जाओ. आपके जाने से प्रभु का आना नज़दीक होगा."

"अपना देश मतलब? रेवदंडा?"

"इस्राएल, माताजी."

"और प्रभु आएगा, तो हमारा क्या?"

"जो मानेगा, वो बचेगा."

"और नहीं माना तो?"

पास्टरनी उरलेला चहा एका घोटात संपवला. दादानेही. मला इतकी चीड आली की मी कप उचलून आत गेले आणि मुद्दाम आदळआपट करत धुतले. निवडलेली प्रजा म्हणे! निवडून बाजूला काढायची, ती टाकून द्यायला?

शेवटी मुलगा स्वतः न्यायला आला आणि मावशीचं 'बघू' संपलं. निघायच्या सकाळी दादाने तिच्या बॅगा खाली नेऊन टॅक्सीत ठेवल्या. सगळं त्याच्या भविष्यवाणीप्रमाणे चाललं होतं. मग तो वर आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"नको ना जाऊस, मावशी."

तिने त्याचं तोंड पदराने पुसलं. "असं कसं रे? मी नाही गेले, तर तुझा येशू कसा येणार?"

दादा अजून त्याच मंडळीत आहे. मारियामातेवर अजूनही भांडतो. तिथे दर रविवारी सगळा हॉल उभा राहून, हात वर करून इस्राएलसाठी प्रार्थना करतो. मी एकदा त्याला विचारलं, तू काय मागतोस? म्हणाला, मावशीच्या मुलाचं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे दुखतात. तेवढंच मागतो.