पंचफुलाला न कळलेली बातमी

आमच्या घरात कोंबडी चालत नसे; कोंबडीच्या बातम्या मात्र चालत. आई माळकरी. तिनं जन्मात अंड्याला हात लावला नाही. पण कुणाची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली, कुणाची पिल्लं घारीनं नेली, कुणाचा कोंबडा पहाट सोडून भर दुपारी आरवायला लागला, हे सगळं तिला ठाऊक असे. सांगणारी पंचफुलाबाई.

एकोणीसशे चाळीसच्या आसपासची गोष्ट. गाव आमचं जवळा बाजारच्या जवळचं, राज्य निजामाचं. कॉलेजसाठी हैदराबादला जायला मला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे ओसरीवर बसून बायकांचं बोलणं ऐकणं हेच माझं शिक्षण चाललं होतं. ते काही वाईट नव्हतं.

पंचफुलाच्या घरी मेंढरं. नवरा दगडोबा कळप घेऊन महिनेन्‌महिने रानोमाळ. घरी ही एकटी, आणि तिच्या कोंबड्या. उंच, काटक बाई. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं कान टवकारायचं. कमरेला ज्वारीच्या कण्यांची पुरचुंडी कायम खोचलेली. दारात आली की आधी कण्या टाकायची, मग बोलायची. आमच्या अंगणात एकही कोंबडी नव्हती, तरी टाकायची. चिमण्या खायच्या.

बातमी सांगायची तिची रीत ठरलेली. आधी मेलेल्यांची, मग जन्मलेल्यांची.

"वैनी, मंजुळाबाईची तांबडी गेली. मुंगसानं नरडंच धरलं. आन गोजरमावशीच्या कोंबडीनं पिलं काढली बरं का. एक लंगडं हाय, पन जगंल. डोळ्यात पानी हाय त्याच्या."

"लंगडं कसं झालं गं?"

"कसं म्हंजे? म्हातारी दर घडीला अंडी उचलून बघती. आतलं लेकरू वैतागंल का न्हाई?"

बाजाराच्या दिवशी अंडी विकणाऱ्या बायका तेलाच्या दुकानापुढच्या ओट्यावर बसत. मधली जागा पंचफुलाची. शेजारच्या गावांतल्या बायका आधी तिच्याकडे येत, मग गिऱ्हाइकाकडे बघत. कुणाला खुडूक कोंबडी उसनी हवी, कुणाला चांगल्या जातीची अंडी हवीत, सगळं तिच्यामार्फत. भांडण झालं तर न्यायही तीच करी. तालुक्याच्या कचेरीत उर्दूत काय लिहायचं ते लिहोत, कोंबडीचा कायदा पंचफुलाचा होता. कायदा छोटा होता: कोंबडी जिची, पिल्लं तिची. कोंबड्याला हक्क नाही. दुसरीनं राखण केली असेल तर अर्धी पिल्लं तिची.

आता तिच्या जावेबद्दल सांगते. धाकटी जाऊ अनुसयाबाई. सासरा वारल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. मेंढरं वाटली, भांडी वाटली, घराच्या मधोमध भिंत आली. सासऱ्याचं एक घोंगडं राहिलं. ते काही मधून फाडता येईना. त्या घोंगड्यावरून दोघी जावा अशा भांडल्या की अंगणात बोराटीचं कुंपण उभं राहिलं आणि बोलणं बंद. भाऊ मात्र रानात मेंढरं एकत्रच चारत होते, आणि ते घोंगडंही दोघं आळीपाळीनं पांघरत होते. पण बायकांना हे कोण सांगणार?

त्या वर्षी हिवाळ्यात कोंबड्यांची मर आली. सकाळी माना टाकायच्या, संध्याकाळी संपायच्या. पंचफुलाचा खुराडा रिकामा झाला. उरली एकच, काळी. ही काळी साधी नव्हती. पंचफुलाचं माहेर शिरड शहापूर. लग्नात तिच्या आईनं पाठवणीच्या गाडीत एक काळी कोंबडी पाय बांधून ठेवली होती. तिच्या पोटची, तिच्या पोटच्या पोटची, अशी ही. आई केव्हाच गेली होती. माहेरचं म्हणून जे काय उरलं होतं ते या कोंबडीच्या रूपानं अंगणात हिंडत होतं. ही अंड्यावर बसून चार पिल्लं काढील तर वंश राहील, नाहीतर संपला. पंचफुला उघडपणे असं काही म्हणत नसे. पण काळीला कण्या घालताना इतर वेळी चालणारं तिचं तोंड बंद असे, यावरून कळायचं.

अनुसयाच्याही कोंबड्या मेल्या. तिनं हिंगोलीहून एक कोंबडा आणवला, मानेवर एक पीस नाही, लालबुंद उघडी मान. पंचफुला कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं आईला म्हणाली, "सोलूनच आनलाय जनू. आता नुसतं रश्श्यात सोडायचं ऱ्हायलं."

आणि फाल्गुनात एके दिवशी काळी नाहीशी झाली.

दोन दिवस पंचफुलानं गाव धुंडाळलं. पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. मुंगूस नेतं तर पिसं पडतात, घार मोठी कोंबडी उचलत नाही. राहिलं माणूस. आणि माणूस म्हटलं की तिला एकच आठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाजवळ उभी राहून तिनं तोंड सोडलं.

"जिनं माजी काळी खाल्ली तिच्या घशात काटा अडकू दे! तिच्या चुलीत पानी पडू दे! माहेराची येकच खून होती, ती बी भाकरीसंगं गिळली!"

पलीकडं अनुसया शेणानं अंगण सारवत होती. तिनं मान वर केली नाही. सारवत राहिली.

मग हे रोजचंच झालं. चार-पाच दिवसांनी एका दुपारी गोजरमावशी आमच्याकडे आली. म्हातारी दार लावून घेऊन बसली, तेव्हाच मी ओळखलं की माल ताजा आहे.

"नर्मदाबाई, काळी जिती हाय."

"अगं बाई! कुठं?"

"अनुसयेच्या कडब्याच्या गंजीत. कुंपनाच्या खालून जाऊन तितं अंडी घालून राहिली व्हती. आता बसली खुडूक. अनुसयेला कडबा काढताना दिसली."

"मग सांगत का नाही ती पंचफुलेला? रोज शिव्या खातेय बिचारी."

"तुमीच सांगा, काय होईल सांगितलं तर? पंचफुला कुंपन तोडून येनार. त्या अंगनात काळीला येक रात ठिवनार न्हाई. कोंबडी उचलली, जागा हालली, की ती पुना अंड्यावर बसत न्हाई. गेली सगळी अंडी. आन तिचा वंस बी गेला."

आईला ते पटलं. मग म्हणाली, "पण अनुसयेला काय पडलंय तिच्या वंशाचं?"

गोजरमावशी हसली. तोंडात दात दोनच होते, दोन्ही दिसले. "मीबी तेच इचारलं. तर म्हनती, 'ती शिव्या देती तवा मी काळीला दाना घालत असती. लय बरं वाटतं.'"

गोजरमावशीनं फक्त आईला सांगितलं. फक्त मंजुळाबाईलाही सांगितलं. बाजाराच्या दिवसापर्यंत पंचक्रोशीत कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ओट्यावर एकमेकींना नुसतं विचारायच्या, "बसली?" "बसलीय." "वीज झाली काल." "कोळसा आन खिळा ठिवलाय अनुसयेनं अंड्यांत. कडकडाटानं नासायची न्हाईत." मधल्या जागी पंचफुला बसलेली. जिच्याशिवाय गावात अंडं फुटत नव्हतं, तिलाच ही बातमी नव्हती.

हे असं निभलं असतं. पण पंचफुलानं एक दिवस आमच्या ओसरीवर येऊन जाहीर केलं, "वैनी, आता मानसाला सांगून भागलं. आईतवारी खंडोबाला गाऱ्हानं घालनार. नाव घेऊन."

आईच्या हातातलं सूप थांबलं. देवापुढं नाव घेऊन घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे थट्टा नव्हती. खरं असेल तर ज्याचं नाव घेतलं त्याला बाधतं. खोटं निघालं तर उलटून घालणारीच्याच घरात येतं. आज मला हे पटत नाही, तेव्हाही अर्धंच पटत होतं. पण त्या दोन्ही घरांतल्या माणसांना ते पुरतं पटत होतं आणि दोन्ही घरांची माणसं रानात उघड्यावर होती. तेवढं मला समजत होतं.

"पंचफुले, थांब जरा. डोळ्यानं पाहिलंस का तू?"

"डोळ्यानं काहून बघावं लागतं? नाक हाय की मला. त्या दिसापासून तिच्या घरातून कालवनाचा वास येऊन राहिलाय."

संध्याकाळी आईनं मला गोजरमावशीकडे पिटाळलं. अंडी तर दिवसांत आली होती. आज, उद्या, परवा, कधीही फुटतील. तेवढं खंडोबापासून पंचफुलाला लांब ठेवायचं.

मग गावातल्या बायकांनी जे केलं ते सांगताना मला अजून हसू येतं. शनिवारी सकाळपासून गावातल्या यच्चयावत कोंबड्या आजारी पडल्या. मंजुळाबाईची कोंबडी म्हणे अंड्यावरून उठेचना. पंचफुला गेली, कोंबडी ठणठणीत. तिथून निघते तर दुसरीच्या घरी अंडी चांगली की वाया गेलेली ते बघायचं होतं. पंचफुला कवडशात एकेक अंडं धरून बसली. अंडी त्याच सकाळची होती. त्यात काय दिसणार, कपाळ!

"अगं, ताजी हायती ही! बसवली कवा?"

"आजच की."

"आजच बसवली, आन आजच बघायला बलावलं? येडी झाली काय गं तू?"

"तुज्या हातानं बघितलेली बरी, म्हनून."

एरवी तिनं अशा बाईला दारातच झाडली असती. पण तिच्या हाताचं कौतुक झालं की ती विरघळे. तो तिचा एकच कच्चा धागा, आणि गावानं तो दिवसभर ओढला.

रविवार उजाडला. गोजरमावशीनं पोटात कळ आल्याचं नाटक केलं, पंचफुला म्हणाली, "तू कोंबडी न्हाईस, वैदाकडं जा." डोक्यावर पदर घेऊन, नारळ आणि हळद-भंडारा घेऊन ती घरातून निघाली. वाट अनुसयाच्या अंगणावरून जाते. आम्ही सगळ्या आपापल्या दारात, जणू केर काढायलाच उभ्या.

ती कुंपणाच्या टोकाशी आली आणि थांबली.

कोंबडी पिल्लांना दाणा दाखवताना जो आवाज करते तो वेगळा असतो, हलका, घाईचा. सगळ्या कोंबड्यांचा मला तो सारखाच वाटतो. पंचफुलाला वाटला नाही. नारळ धरलेला तिचा हात खाली आला. फाटकापर्यंत जायचीही सबुरी नव्हती तिला, बोराटीत घुसली. लुगडं काट्याला अडकलं, फाटलं, तिनं वळून पाहिलं नाही.

पलीकडं गंजीच्या पायथ्याशी काळी, पंख फुलवून. तिच्याभोवती पिल्लं. शेजारी पाण्याची परळ, आणि उकिडवी बसलेली अनुसया.

"सांभाळून ये अक्का," अनुसया म्हणाली. किती वर्षांनी बोलली! "पिलं पायाखाली येतील."

पंचफुला पिल्लं चुकवत खाली बसली. काळीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागली. घरी आलेल्या पाहुण्याकडं बघतात तसं.

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्या दिसापासून."

"आन मी शिव्या देत व्हते तवा?"

"ऐकत व्हते की. चुलीत पानी पडू दे म्हनालीस त्या रोजी खरंच भांडं कलंडलं चुलीत. तवा जरा राग आला."

पंचफुला हसली की रडली, मला इतक्या लांबून समजलं नाही. पदर तोंडाला होता. मग एक पिल्लू उचलून तिनं डोळ्यांजवळ धरलं. काळंभोर, आणि मान उघडी. दुसरं उचललं. त्याचीही मान उघडी.

"अगं, ही तर समदी सोललेली!"

"आमच्या कोंबड्याची देन," अनुसया म्हणाली. "रश्श्यातून उठून आला असंल." म्हणजे तेही तिनं ऐकलं होतं.

"मग अर्धी तुजी."

"काहून? कोंबड्याला हक्क न्हाई. जगाला तूच सांगती ना?"

"राखनीला हाय. अर्धी तुजी. माज्या कायद्यात बदल न्हाई." आणि ती पिल्लं वाटायला हात घालणार, तोच तिचा तिलाच हात आखडावा लागला. एवढ्याशा पिल्लांना आईपासून तोडलं तर एक जगत नाही. काळी स्वतःच चोच मारून त्यांना दूर करीपर्यंत वाटणी नाही. तोवर आई एक, पिल्लं एकत्र, आणि राखणदार दोन. म्हणजे पंचफुलानं रोज इकडं यायचं, किंवा अनुसयानं तिकडं. कुंपणाला तिनं पाडलेलं भगदाड होतंच. ते कुणी बुजवलं नाही.

देवाचा नारळ तिनं अनुसयाच्या उंबऱ्यावरच फोडला. "देवाला सांगते, नारळ वाटंत चुकला, इतंच घे," म्हणाली. खोबरं साऱ्या आळीला वाटलं. आमच्याकडे तुकडा घेऊन आली तेव्हा मात्र आईवर डोळे वटारले.

"वैनी, तुमाला बी ठावं व्हतं."

"होतं."

"साऱ्या गावाला व्हतं?"

"जवळा बाजारालाही होतं," आई म्हणाली. माळकरी बाईनं खोटं तरी कसं बोलावं.

पंचफुला खोबरं ठेवून चालती झाली. हे तिला फार लागलं. काळी मिळाली, वंश राहिला, जाऊ मिळाली. पण गावाची सगळ्यात मोठी बातमी आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होती! आई म्हणाली, आता ही बाजाराला यायची नाही.

ती आली. मी मुद्दाम गेले होते बघायला. ओट्यावर मधल्या जागी बसली, शेजारी अनुसयाला बसवलं, कण्या टाकल्या. आधी मेलेल्यांची बातमी सांगितली. कुणाचं तरी पिल्लू विहिरीत पडलं होतं. मग आवाज उतरवून, जणू पहिल्यांदाच कुणाच्या तरी कानावर घालतेय अशी, म्हणाली, "आन बायांनो, येक नवल झालं. माजी काळी मेली न्हाई. अनुसयेच्या गंजीत बसली व्हती. पिलं काढली तिनं. उघड्या मानंची!"

ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी, अगदी गोजरमावशीनंसुद्धा, हनुवटीला बोट लावलं.

"व्हय? अगं बाई! सांग की सगळं."

आणि पंचफुलानं सगळं सांगितलं.