शारदाकाकूंचे सात खडे

आणायच्या होत्या गौरी, आणि मी आणली गिट्टी.

झालं असं, की शारदाकाकूंचे गुडघे यंदा संपावर गेले. त्यांच्याकडे गौरी खड्यांच्या. चिरगाँवच्या रस्त्यावरच्या तळ्यातून सात खडे ताटात घ्यायचे आणि मुक्यानं घरी आणायचे. खरं तर हे बाईमाणसाचं काम. पण काकूंच्या मुली बंगळुरात, मी जवळ. "तळं बुजलं तरी कोपऱ्यात डबकं आहे. उंबरा ओलांडलास की तोंड बंद. जमेल का रे तुला?" असं म्हणत त्यांनी ताट दिलं.

उंबरा ओलांडल्यावर मला आठवलं, की ते डबकंही उन्हाळ्यात बुजलं. तिथे आता आमच्या कॉलनीचं पार्किंग आहे आणि माझी स्कूटर तिथेच उभी असते. पण बोलायची बंदी! शेवटी फाटकाजवळच्या बांधकामाच्या ढिगातले सात खडे निवडले, नळाखाली धुतले आणि आणले.

काकूंनी एक बोटांत फिरवला. "टोचतोय. पाण्यातला खडा टोचत नसतो."

बावन्न वर्षांपूर्वी काकू साताऱ्याहून लग्न होऊन झाशीत आल्या, तेव्हा त्यांची हिंदी 'है'पाशीच संपायची. तळ्यात शिंगाडे काढणाऱ्या बायकांनी त्यांना बुंदेली शिकवली, तीही गुडघाभर पाण्यात. अजून बुंदेली बोलताना काकू आधी पदर खोचतात. तळ्यावर सारसांची जोडी उतरली, की रेल्वेत गार्ड असलेल्या काकांना टोमणा ठरलेला, "बघा, तो तिला टाकून ड्युटीवर जात नाही!"

मग तळं बुजवून त्यावर प्लॉट पडले. टेकडीवरून उतरणारं पाणी तळं शोधत शोधत काकूंच्या गल्लीत शिरू लागलं. आणि कधी न आटलेल्या त्यांच्या आडाला वैशाखात तळ दिसला. बेडूक गप्प झाले. सारस म्हणे दूर टहरौलीकडे गेले. आमच्या 'लेक व्ह्यू' कॉलनीच्या पाटीवर मात्र निळंशार तळं अजून आहे, दोन बगळ्यांसकट.

माझ्या वास्तुशांतीला काकू आल्या नव्हत्या. मला वाटलं, गुडघे.

सातही खडे त्यांनी ताटात परत ठेवले. दारापासून काढलेली गौरीची पावलं रिकाम्या पाटाशी येऊन थांबली होती. काकू त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

"बावन्न वर्षांत पाट कधी रिकामा राहिला नाही रे."

"पण काकू," मी म्हटलं, "तळ्यातले खडे आता आणू तरी कुठून?"

"तुझ्या हॉलची फरशी उचल."